उंबऱ्यावरची आमटी

छायाताई काशीद यांनी बार्शीच्या टपाल कचेरीत एकतीस वर्षं पत्रं निवडली. पाकिटावरचं अक्षर पाहिलं की आत कोण बोलतंय ते आपल्याला कळतं, असं त्या सांगत. दुसऱ्या कुणी त्यांच्याबद्दल तसं सांगितल्याचं मात्र ऐकिवात नाही. निवृत्तीनंतर एवढ्या तयार नजरेचं करायचं काय, हा प्रश्न पडायच्या आतच बार्शी ओट्याने त्यांना उंबऱ्यावर बसवलं.

ओटा म्हणजे काय ते आधी सांगायला हवं. सगळ्या जगाने एकाच कंपनीच्या चावडीवर जमायचं, हे दिवस संपून सहासात वर्षं झाली होती. आता गावोगावचे स्वतःचे ओटे होते. बार्शीचा ओटा म्हणजे वाचनालयाच्या माळ्यावर ठेवलेला पोह्यांच्या डब्याएवढा एक सर्व्हर, आणि त्यावर लिहिणारी अकराशे माणसं. असे हजारो ओटे एकमेकांना जोडलेले होते, त्यामुळे बार्शीकराने लिहिलेलं लातूरला दिसे, चिपळूणला दिसे. मालक कुणीच नव्हता. कुणाला आत घ्यायचं आणि कुणाला हाकलायचं, हे ज्याच्या त्याच्या ओट्याने ठरवायचं. पण इथेच एक गोम होती. बार्शीने हाकललेला माणूस नवं नाव घेऊन परांड्याच्या ओट्यावर जाऊन बसे आणि तिथून परत इकडेच चिखल फेके.

म्हणून प्रत्येक ओट्याने आपापला उंबरा केला होता. नवा माणूस आधी तिथे थांबे. कुणी आधार कार्ड मागे, कुणी ओळखीच्या दोन माणसांची नावं. बार्शीची रीत वेगळीच होती. इथे एकच प्रश्न विचारत, ‘तुमच्या घरी आमटी कशी करतात?’ कुणीतरी थट्टेत सुरू केलं आणि तेच लागू पडलं. माणूस नाव खोटं सांगेल, गाव खोटं सांगेल, पण आमटी सांगायला बसला की तो आपोआप आपल्या स्वयंपाकघरात शिरतो. मग ओट्यावरचे लोक त्या आमटीवर तुटून पडत. चिंच की आमसूल, गूळ घालणारे माणसात मोडतात की नाही, अशी भांडणं होत आणि भांडता भांडता नवा माणूस घरचा होऊन जाई.

छायाताईंच्या मदतीला ‘पारखी’ होती. धारवाडच्या दोन संशोधक बहिणींनी तयार केलेला हा प्रोग्राम. हल्ली लोक मराठी बोटांनी लिहीत नाहीत, फोनला बोलून दाखवतात आणि फोन ते शुद्ध करून उतरवून घेतो. उच्चार सुधारले तरी बोलण्याच्या लकबी लिहिण्यात जशाच्या तशा उतरतात. माणूस काय म्हणतो याच्याशी पारखीला देणंघेणं नव्हतं. ‘की’ कुठे येतो, ‘तर’ कितीदा येतो, कितव्या शब्दाला दम घेतला जातो, क्रियापद शेवटी पडतं की मध्येच उडी मारतं, अशा चारशे बारीकसारीक सवयी ती मोजायची आणि त्यांचा एक ठसा तयार करायची. हाकललेल्या माणसांचे ठसे सगळे ओटे एकमेकांना देत. उंबऱ्यावर आलेल्याचा ठसा त्यातल्या कुणाशी शंभरात पंच्याऐंशीच्या वर जुळला, की पारखी लाल होई. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात, त्यातलाच प्रकार.

त्या सोमवारी सकाळी पारखी लाल झाली.

उंबऱ्यावर वत्सला घोडके नावाची बाई उभी होती. वय सदुसष्ट, राहणार वैराग. तिने येसराची, म्हणजे भाजून दळलेल्या पिठाची, आमटी सांगितली होती, आणि अशी सांगितली होती की छायाताईंच्या तोंडाला पाणी सुटलं. गहू आणि हरभऱ्याची डाळ वेगवेगळी भाजावी, एकत्र भाजणाऱ्याच्या हातचं खाऊ नये. लसूण ठेचावा, चिरू नये. उकळी आली की पातेल्याजवळून हलू नये, कारण येसराला एकटं सोडलेलं आवडत नाही. शेवटी लिहिलं होतं, ‘आता तुम्ही म्हणाल की म्हातारी फार बोलते, तर बोलतेच.’

खाली पारखीचा आकडा होता, ब्याण्णव. आणि समोर नाव होतं, ‘सडेतोड’.

छायाताईंनी हातातला चहा खाली ठेवला तो तसाच गार झाला.

सडेतोड कोण, हे बार्शी ओट्यावर लहान पोरालाही ठाऊक होतं. साडेतीन वर्षांपूर्वी मीनल बारबोले हिचा नवरा गेला. सुधाकर बारबोले एसटीत ड्रायव्हर होता, लातूरच्या गाडीवर. मीनल ही छायाताईंची पहिलीपासूनची मैत्रीण. ती रोज सकाळी ओट्यावर त्याच्याबद्दल चार ओळी लिहायची. आज त्याचा डबा भरायला उठले आणि मग आठवलं, अशा. लोक तिला धीर द्यायचे. एके दिवशी सडेतोड नावाच्या कुणीतरी खाली लिहिलं, ‘रडून झालं का? आता आमटीत मीठ घाला.’ दोघंतिघं हसले. दुसऱ्या दिवशी परत तेच. तिसऱ्या दिवशी परत. मीनलने काहीही लिहिलं, की पाच मिनिटांत खाली मीठ हजर. पुढे पुढे दुसरेही गमतीत तेच लिहू लागले. आठ महिने हे चाललं. नाव बदलून, ओटा बदलून तो येतच राहिला. शेवटी मीनलने लिहिणं सोडलं, मग संध्याकाळी भगवंताच्या देवळात येणं सोडलं, मग दारावरची घंटा वाजली तरी उठणं सोडलं. आपली मैत्रीण डोळ्यांदेखत विझत गेली आणि आपण उंबऱ्यावर बसून काहीही करू शकलो नाही, हे छायाताईंच्या मनाला फार लागलं होतं.

गेल्या महिन्यात मीनलने आपण होऊन विचारलं होतं की परत आले तर चालेल का. येत्या गुरुवारी ती येणार होती. तो माणूस परत कधी दिसणार नाही, असा शब्द छायाताईंनी तिला दिला होता.

आणि सोमवारी हा म्हातारीचं लुगडं नेसून दारात.

पारखी लाल झाली तरी लगेच उंबरा लावून माणसाला बाहेर ठेवायचं नाही, आधी माणसाशी बोलून बघायचं, असा नियम होता. छायाताई बोलल्या. दोन दिवस गोड गोड बोलल्या, पण प्रत्येक प्रश्नाच्या पोटात एक काटा लपवलेला होता. वैरागच्या बाजाराचा वार विचारला, शाळेतल्या बाईंचं नाव विचारलं, गुडघे दुखतात म्हणता तर कुठला गुडघा जास्त, हेही विचारलं. वत्सला घोडके सगळ्याची उत्तरं देत होती, वर दोन गोष्टी जास्तीच्या सांगत होती. छायाताईंना त्यातच पाणी मुरताना दिसलं. खरं बोलणारा माणूस एवढी तयारी कशाला ठेवेल? आणि उत्तर लगेच आलं की वाटे, वाटच बघत होता. उशिरा आलं की वाटे, शोधून लिहितोय. संशयाचं एकदा बस्तान बसलं की त्याला कुठलंही खाद्य चालतं.

बाईने पत्ता मागितला, म्हणाली की येसर पाठवते. छायाताईंनी घरचा दिला नाही, वाचनालयाचा दिला.

मंगळवारी संध्याकाळी त्यांनी मुद्दाम लिहिलं की आज मन बरं नाही, जुन्या आठवणींनी रडू येतंय. उत्तर आलं, ‘रडून घ्या की मग. रडून झालं की आमटीत मीठ घालावं.’

झालं. आता पारखीचीही गरज नव्हती. बुधवारी सकाळी छायाताईंनी उंबरा लावला आणि बार्शीवर भरवसा ठेवणाऱ्या बेचाळीस ओट्यांना पाटी फिरवली, की सडेतोड वत्सला घोडके या नावाने हिंडतो आहे, सावध राहावं. तासाभरात बेचाळीसही उंबरे लागले. ज्याला बंद केलं त्याला कारण सांगायचं नाही, हाही नियमच होता. कारण सांगितलं की हे लोक त्यातून शिकतात.

गुरुवारी मीनल आली. तिने फक्त एवढंच लिहिलं, ‘आले आहे.’ खाली दोनशे माणसांनी तिचं स्वागत केलं, आणि छायाताईंनी दिवसभर प्रत्येक ओळ स्वतः तपासली. एकदाची पीडा टळली, असं त्यांना त्या दिवशी वाटलं.

सोमवारी वाचनालयातून निरोप आला की तुमच्या नावाने पार्सल आहे. आत प्लास्टिकच्या बरणीत येसर होतं, दोन पिशव्यांत गुंडाळलेलं. बरोबर वहीचं पान होतं.

‘छायाबाईंना नमस्कार. बुधवारपासून तुमचं दार उघडत नाही. फोन बिघडला म्हणून दुकानात नेला, तर तो म्हणतो की फोन चांगला आहे. मग मी माढ्याच्या ओट्यावर गेले, मोहोळच्या गेले, तिथेही आत घेत नाहीत. माझ्याकडून काही वावगं बोललं गेलं असेल तर सांगावं. बोलायची सवय वाईट आहे, घरातही म्हणतात. कबूल केलं होतं म्हणून येसर पाठवते. कोरडं ठेवावं.’

छायाताईंनी बरणी बाजूला ठेवली आणि कागद उजेडात धरला. एकतीस वर्षांची नजर होती ती. अक्षर चौथी शिकलेल्या बाईचं होतं. पेन दाबून धरलेला, शिरोरेषा आधी पट्टीने आखावी तशी सरळ, ‘ळ’ला जुन्या वळणाची गाठ. असं अक्षर आजकाल कुणाला ठरवूनही काढता येत नाही. पण दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. एखाद्या मावशीला बसवून तिच्याकडून लिहून घेता येतं, हेही त्यांच्या मनात आलं. पार्सलवर पाठवणाऱ्याचा पूर्ण पत्ता होता. मंगळवारी सकाळी त्या वैरागच्या गाडीत बसल्या. मीनलला त्यांनी काही सांगितलं नाही.

घर आडत बाजाराच्या मागच्या गल्लीत होतं. दारात एक ठेंगणी बाई खुर्चीवर पाय ताणून बसली होती. दोन्ही गुडघ्यांना पट्टे, मांडीवर सुपात डाळ. छायाताईंनी नाव सांगितलं तर ती धडपडत उठली.

“बार्शीच्या? अगं बाई, तुम्ही हुय! या की, बाहेर का थांबलाव? मला वाटलं, पत्र लिवलं म्हणून राग आला का काय.”

आत गेल्यावर तिने छायाताईंना एक शब्द बोलू दिला नाही. गुडघे कसे गेले, शेजारीण लेकाकडे पुण्याला कशी गेली, दिवस दिवस तोंड उघडायला माणूस कसं मिळत नाही, मग कुणी सांगितलं की बार्शीचे लोक आमटीवरून भांडतात, तर म्हटलं, आपली सोय झाली. छायाताई ऐकत होत्या. सडेतोडची वाक्यं होती ती. तोच ‘तर’ मध्येच येऊन अडायचा, तोच शेवटचा ‘की’, तीच तिरकस सुरुवात आणि तोडून टाकल्यासारखा शेवट. फक्त इथे त्या वाक्यांबरोबर एक हात पुढे येत होता, चहाची बशी सरकवत होता आणि चिवडा घ्या म्हणत होता.

दुपारी मुलगा जेवायला आला. ऋषिकेश, तेहेतीस वर्षांचा, माती तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरीला. मान खाली घालून चालणारा, सभ्य. आईने सांगितलं, ह्या बार्शीच्या छायाबाई, ओट्यावरच्या. त्याने ओठांना लावलेला तांब्या न पिताच खाली ठेवला.

“ह्याचे वडील जाऊन चार वर्षं झाली,” वत्सलाबाई सांगू लागल्या. “हा रडला न्हाई बगा. डोळ्याला पाणी न्हाई. मी रोज म्हणायची, एकदा रडून घे लेकरा, रडून झालं की आमटीत मीठ घाल. आमच्या आईचं बोलणं हाय ते. कितीबी रडलं तरी जेवाय तर बसावंच लागतंय.”

ऋषिकेश भाकरीचा तुकडा बोटांत धरून बसला होता.

छायाताईंना तेव्हा तुळजापूरकडचे एक बापलेक आठवले. दोघांची अक्षरं इतकी सारखी, की एकदा मुलाचं पत्र त्यांनी बापाच्या गठ्ठ्यात टाकलं होतं. ते एक पत्र त्यांनी आपल्या एकतीस वर्षांच्या हिशोबात कधी धरलंच नव्हतं. मुली आईचं अक्षर उचलतात, मुलं बापाचं, हे निवडणीच्या टेबलावरच्या सगळ्या बायकांना माहीत होतं. मग बोलणं तर त्याच्याही आधी उचलतात. खाण तशी माती. हे धारवाडला जाऊन शिकायची गरजच नव्हती, आणि तरीही आकडा लाल दिसल्यावर आपण सगळं विसरलो. छायाताईंना स्वतःचाच राग आला.

ऋषिकेश त्यांना स्टँडपर्यंत सोडायला निघाला. गल्लीचं वळण आल्यावर त्या थांबल्या.

“तूच ना?”

त्याने नाही म्हटलं नाही. “आईला सांगू नका,” तो म्हणाला.

का केलंस, असं त्यांनी विचारलं. तो रस्त्याकडे बघत तुटक तुटक बोलला. ती बाई रोज रडायची. हजार लोक तिला धीर द्यायचे. त्याला ते बघवत नव्हतं. पहिल्यांदा आईचंच वाक्य लिहिलं तेव्हा त्याच्या मनातही नक्की काय होतं ते त्याला सांगता येणार नाही. पण लोक हसले. वडील गेल्यापासून त्याच्या बोलण्यावर पहिल्यांदाच कुणी हसलं होतं. मग तो लिहीत गेला. गेल्या अडीच वर्षांत मात्र कुठेही एक ओळ लिहिलेली नाही, असं तो शपथेवर सांगत होता.

छायाताईंनी त्याच्या तोंडाकडे निरखून पाहिलं. खरं असेल, नसेलही. पस्तावा मोजणारी पारखी अजून कुणी काढलेली नाही, आणि काढली तरी तिच्यावर आता त्यांचा विश्वास बसला नसता.

“तुझ्या आईला त्रेचाळीस ओट्यांची दारं बंद आहेत,” त्या म्हणाल्या. “लावली मी. पण ठसा तुझा आहे. ती घरात बसून विचार करतेय की आपलं काय चुकलं.”

तो तिथल्याच एका पायरीवर खाली बसला.

“उंबरा कुठे आहे ते तुला ठाऊक आहे. खऱ्या नावाने ये आणि आमटी सांग.”

“घ्याल आत?”

“ते मी ठरवणार नाही,” असं म्हणून छायाताई स्टँडकडे चालू लागल्या.

त्यांनी गाडीतूनच धारवाडला लिहिलं. दुसऱ्या दिवशी दोघी बहिणींतल्या धाकटीचं उत्तर आलं, आणि ते खजील झालेल्या माणसाचं उत्तर होतं. पारखीची चाचणी नऊ हजार माणसांवर केली होती, पण निवड चोख व्हावी म्हणून दर घरातला एकच माणूस घेतला होता. एका घरातली दोन माणसं तिने शेजारी शेजारी कधी पाहिलीच नव्हती. ती माणूस ओळखते असं सगळे धरून चालले होते, आणि ती कदाचित घर ओळखत होती.

मीनलला सांगणं सगळ्यात अवघड होतं. छायाताई तिच्याकडे गेल्या, समोर बसल्या आणि लपवाछपवी न करता आदल्या सोमवारपासूनचं सगळं सांगितलं. मीनल पालेभाजी निवडत होती. तिने हात थांबवला नाही. ऐकून झाल्यावर मात्र ती जे बोलली त्याची छायाताईंनी अपेक्षा केली नव्हती.

“माझ्या नावानं केलंस ना हे? मला न विचारता. माझ्यासाठी म्हणून एका म्हातारीला बाहेर काढलंस.”

तुला शब्द दिला होता, असं छायाताईंच्या ओठांवर आलं होतं ते त्यांनी गिळलं.

“मला बंद दाराआड बसायचं काय असतं ते माहीत आहे, छाये. तिला आत घे.”

आणि तो, असं छायाताईंनी हळूच विचारलं. मीनलने एक अख्खी जुडी निवडून संपवली.

“त्याची आमटी आली की आधी मला दाखव. पुढचं मी बघेन. आणि म्हातारीला यातलं काही कळता कामा नये. सांगायचं असेल तर त्यानं सांगावं.”

पाटी फिरवायला एक मिनिट लागलं होतं, पुसायला आठवडा गेला. छायाताईंनी बेचाळीस ओट्यांना लिहिलं की चूक माझी आहे, वत्सला घोडके ही खरी बाई आहे, मी तिच्या घरी चहा पिऊन आले आहे. ठसा का जुळला ते मी सांगणार नाही. एकोणीस ओट्यांनी उंबरे उघडले. बाकीच्यांना कारण हवं होतं. मोहोळने विचारलं की तुम्हाला कुणी धमकी दिली का. माढ्याच्या ओट्याने तर छायाताईंचं अकाउंट चोरीला गेल्याचा संशय घेतला आणि त्यांचाच ठसा पारखीला लावला. संशयाची पाटी फिरवावी लागत नाही, ती आपल्या पायांनी चालते, हे त्यांना या वयात समजलं.

बार्शीत मात्र वत्सलाबाई आत आल्या. त्यांच्या येसरावर तीन दिवस भांडण चाललं. लसूण चिरणाऱ्या एका प्राध्यापकाला त्यांनी असं फैलावर घेतलं की तो ठेचू लागला. छायाताई प्रत्येक ओळ दोनदोनदा वाचत होत्या. बाई निर्मळ होती, पण वाक्यं तीच होती. बाईच्या नावापुढे पारखीचा ब्याण्णवचा आकडा रोज लाल दिसे. तो फक्त छायाताईंना दिसत होता एवढंच. शुक्रवारपासून उंबऱ्यावर आणखी एक नाव उभं होतं, ऋषिकेश घोडके. नावाखाली फोन दाखवत होता, ‘लिहीत आहेत’. ते लिहिणं कधी थांबे, तासाने परत सुरू होई. येत काहीच नव्हतं.

बुधवारी सकाळी मीनलने साडेतीन वर्षांपूर्वीसारखं लिहिलं. माळ्यावर सुधाकरचा युनिफॉर्म सापडला, खिशात लातूरच्या गाडीचं वेळापत्रक होतं, घडीवर घडी घातलेलं. सकाळपासून रडतेय, आवरत नाही.

चार मिनिटांनी खाली वत्सलाबाईंची ओळ आली. ‘रडून घे बाई. रडून झालं की आमटीत मीठ घाल.’

छायाताईंच्या फोनने थरथरायला सुरुवात केली. छायाताई, हा तोच आहे. छायाताई, तुम्ही फसलात. ठसा बघा. आम्ही म्हणत होतो. एकामागून एक सात निरोप आले, आठवा माढ्याहून आला. ओट्यावर कुणीतरी लिहूनही टाकलं की म्हातारीचं सोंग उतरवा. तिकडे वैरागला ती बाई सूप मांडीवर घेऊन हे वाचत असेल, आणि आतल्या खोलीत मुलगा. छायाताईंचा अंगठा ‘पुसून टाका’वर जाऊन थांबला. मीनलने पाहिलं नसेल तर अजून वेळ आहे. दाबलं तर मीनलला ती ओळ दिसणार नाही. दाबलं तर म्हातारी परत बाहेर, आणि या वेळी सगळ्यांच्या देखत. मागच्या वेळी आपण क्षणभरही थांबलो नव्हतो, हे त्यांना आठवलं. मीनलने काय सांगितलं होतं तेही आठवलं. अंगठा तिथेच ठेवून त्या वाट बघत बसल्या.

मग मीनलची ओळ आली.

‘झालं रडून, वत्सलाबाई. मीठ किती घालू?’

सोंग उतरवायला निघालेल्याने आपली ओळ गुपचूप पुसली. छायाताईंनी डोळे पुसले आणि परत फोनकडे पाहिलं, तर वैरागहून उत्तर आलं होतं.

‘आधी चाखून तर बघ.’

छायाताईंनी अंगठा उचलला. खाली उंबऱ्यावर ऋषिकेशच्या नावाखाली ‘लिहीत आहेत’ अजून दिसत होतं, आणि या वेळी ते मध्ये थांबत नव्हतं.